खुंटाचं नाव

आमच्या शाळेच्या तारेच्या कुंपणावर कृष्णकमळाचा वेल चढलेला आहे. कुणी लावला ते आता कुणालाच आठवत नाही. मागच्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलाने त्या वेलाखाली उभं राहून मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. (मोबाइल शाळेत आणायचा नाही, हा नियम त्या दिवशी आम्ही दोघंही विसरलो.) व्हिडिओत एक माणूस रानटी वेलाचा शेंडा ब्लेडने छाटतो, त्याला चीर देतो आणि त्या चिरेत पॅशन फ्रूटची काडी बसवून वर पट्टी गुंडाळतो.

"सर, खालचा वेल जंगली, वरचा भारी. मग फळ कुणाचं?"

मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शेतकी नाही. तरी उत्तर दिलं, की फळ वरच्याचं, पण ते येईल की नाही हे खालचा ठरवतो. मुलगा समाधानाने गेला. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो, कारण आमच्या घरात नऊ वर्षं सांभाळलेली एक बाग याच प्रश्नावरून गेली आहे. त्याकडे येतोच.

आधी त्या वेलाबद्दल. पॅशन फ्रूट आणि कृष्णकमळ ही एकाच कुळातली. आपल्याकडे या फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि मधे कृष्ण पाहतात. दक्षिण अमेरिकेत पोचलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना त्याच फुलात येशूचा काटेरी मुकुट आणि खिळे दिसले, म्हणून 'पॅशन', म्हणजे येशूच्या यातना. जपानी लोकांना त्यात घड्याळाची तबकडी दिसली. फूल एकच, ज्याने त्याने आपलं वाचलं. मुळाकडे मात्र यातल्या कुणीच पाहिलं नाही. तिकडे पाहिलं शेतकऱ्यांनी. जांभळ्या पॅशन फ्रूटला मर रोग लागतो, जमिनीतले सूत्रकृमी मुळं पोखरतात. पिवळ्या जातीची मुळं त्याला बऱ्यापैकी पुरून उरतात. म्हणून खाली पिवळा, वर जांभळा. कर्नाटकात कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्रात या दोघांचा संकर करून 'कावेरी' नावाची जातही काढली गेली. कलमात दोन झाडं शेवटपर्यंत दोनच राहतात, संकरात त्यांचं एक नवीन झाड होतं. हा फरक लक्षात ठेवायला हवा.

बुलडाणा जिल्ह्यात पॅशन फ्रूटची शेती होत नाही. आमच्याकडे हीच गोष्ट संत्र्याची आहे. जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत संत्र्याच्या बागा आहेत. दक्षिणेला पूर्णेकडे उतरलात की खारपाणपट्टा लागतो. तिथलं विहिरीचं पाणी पिकालाही नको वाटतं. पायथ्याच्या या पट्ट्यात माझ्या धाकट्या चाचांची जमीन आहे.

उर्दूच्या मास्तरला या विषयात शिरायला एक सोपं दार आहे, ते म्हणजे 'कलम' हा शब्द. कलम म्हणजे बोरूची लेखणी. अरबीत तो ग्रीकमधून आला असं भाषेचे जाणकार मानतात, तिथेही अर्थ वेत, बोरू असाच. उर्दूत 'क़लम लगाना' म्हणजे झाडाची फांदी लावणं. मराठीने लेखणी घेतली, कलमदान घेतलं, कायद्याचं कलम घेतलं आणि कलमी आंबाही घेतला. दोन्ही कामांत काडी धारदार चाकूने तिरकी कापावी लागते. माझे आजोबा बोरू तासायचे तो चाकू आणि चाचांचा डोळे भरायचा चाकू शेजारी ठेवले तर ओळखू येणार नाहीत. दुसरा शब्द 'पैवंद'. कपड्याला लावलेलं ठिगळ म्हणजे पैवंद आणि जोडलेलं झाड म्हणजेही पैवंदच. बाजारात 'पैवंदी बेर' म्हणून हाक ऐकली असेल, ती कलमी बोरं. तिसरा शब्द आहे 'तरकीब'. उर्दू व्याकरणात दोन शब्दांच्या जोडणीला मी वर्गात तरकीब म्हणतो. अंदलूसच्या अरबी शेतीग्रंथांत झाड जोडण्यालाही तरकीब म्हटलेलं आहे, हे कळलं तेव्हा दोन दिवस मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो.

अंदलूस म्हणजे आजच्या स्पेन-पोर्तुगालमधला तेव्हा मुस्लिम अमलाखाली असलेला प्रदेश. अकराव्या शतकात टोलेडोला इब्न बस्साल नावाचा माळी-विद्वान होता. कुठलं झाड कुठल्या झाडावर धरेल याचा त्याने हिशेब मांडला आणि तो रसावरून मांडला: तेलकट झाडं, डिंकाची झाडं, चिकाची झाडं, पाणीदार झाडं. आपापल्या गटात जोडा, गटाबाहेर जाऊ नका. आज आपण वनस्पतींचं कुळ पाहतो, तो चीक आणि डिंक पाहत होता. पण धोरण तेच, नातं पाहून जोडणं. बाराव्या शतकाच्या अखेरीस सेविलच्या इब्न अल-अव्वामने 'किताब अल-फलाहा' लिहिली. तिच्यात ५८५ वनस्पतींची माहिती आहे आणि कलमांवर बराच मोठा भाग आहे. १८०२ मध्ये माद्रिदला तिचं स्पॅनिश भाषांतर छापलं गेलं, म्हणजे सहाशे वर्षांनंतरही ती जुनी झाली नव्हती.

हे वाचून छाती फुगवणारे आमच्यात कमी नाहीत. त्यांच्यासाठी सांगतो, सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाचं प्रकरण आहे. फांदीला शेण लावून ती दुसऱ्या झाडाच्या कापलेल्या मुळावर किंवा खोडावर बसवावी, असं तिथे सांगितलं आहे. त्या झाडांच्या यादीत फणस, डाळिंब, द्राक्ष आणि बीजपूर, म्हणजे महाळुंग, आहे. महाळुंग हे लिंबाच्या कुळातलंच. इब्न बस्सालच्या आधी पाचशे वर्षं. दारा शुकोहच्या नावावर सतराव्या शतकातला 'नुस्खा दर फन-ए-फलाहत' हा फारसी ग्रंथ आहे. या जुन्या पुस्तकांत कामाचं आणि गमतीचं दोन्ही भरलेलं असतं, भलत्या झाडावर भलतं झाड जोडून अजब फळ काढायच्या युक्त्याही असतात. पण चाकू कसा धरावा, चीर किती द्यावी, वर चिखल कसा लिंपावा हे वाचताना लिहिणाऱ्याच्या नखात माती होती, याबद्दल शंका राहत नाही.

आता संत्रं. या शब्दाची एक व्युत्पत्ती तुम्ही ऐकली असेल: पोर्तुगालमध्ये सिंत्रा नावाचं गाव आहे, तिथून फळ आलं, म्हणून संत्रा. ऐकायला छान आहे. पण बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानच्या फळांचं वर्णन केलं आहे आणि त्यात संतऱ्याचं नाव आहे. बाबर इथे १५२६ मध्ये आला आणि १५३० मध्ये वारला. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये. तीसेक वर्षांत पोर्तुगीज गावाचं नाव किनाऱ्यावरून थेट आग्र्याच्या मळ्यांत रुजेल आणि बाबर ते इथल्या फळाचं नाव म्हणून लिहून घेईल, हे पटायला जड जातं. पुढे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सिल्हेटच्या संतऱ्याची नोंद केली. मुहम्मदशाहाला 'संगतरा' या नावातला 'संग', म्हणजे दगड, खटकला आणि त्याने फळाला 'रंगतरा' म्हणायला लावलं, असंही सांगतात. बादशाहाकडे तेव्हा याहून मोठी कामं होती, पण ते असो.

बाबराच्या त्याच यादीत संतऱ्याच्या जवळच आणखी एक नाव आहे, जंबीरी. आमची जंभेरी ती हीच. मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून चाचांना फोन लावला होता. कारण आज वऱ्हाडातलं संत्र्याचं झाड म्हणजे वर संत्रा आणि खाली जंभेरी. बाबराला ही दोन वेगळी फळं दिसली. त्यातलं एक गोड, एक आंबट. आपण ती एकाच बुंध्यात बांधली.

मुघल बागांचा इतिहास कलमांबद्दल उदार आहे, पण एकाच बाजूने. जहांगीर लिहितो की काश्मीरमध्ये गोड चेरी नव्हती. त्याच्या वडिलांच्या काळी बागांचा दारोगा असलेल्या मुहम्मद कुली अफशारने ती काबूलहून आणून कलम केली. आणणाऱ्याचं नाव आहे, कुठून आणली ते गाव आहे. काश्मीरच्या कोणत्या झाडावर ती बसवली, ते झाड मात्र वाचणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. आपल्याकडेही तसंच. हापूस आंब्याला अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज गव्हर्नरचं नाव मिळालं. कोकणात ज्या रायवळ कोयींच्या रोपांवर त्याच्या काड्या बांधल्या जातात, त्यांना कुणाचं नाव नाही.

नागपुरी संत्र्याची कथा अशीच आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघूजी भोसल्यांनी ते औरंगाबादहून नेऊन नागपुरात आपल्या बागेत लावलं, असं संत्र्यावरच्या बहुतेक पुस्तकांत सांगितलेलं असतं. औरंगाबादच्या बागा त्याआधी दीडशे वर्षांपासून नहर-ए-अंबरीच्या पाण्यावर वाढत होत्या, म्हणजे मलिक अंबर या हबशी वजिराने जमिनीखालून खेळवलेल्या पाण्यावर. तिथून पूर्वेला नागपूरकडे निघालं की जालना ओलांडून सिंदखेड राजा, मेहकर अशी आमच्या जिल्ह्याची गावं लागतात. राजाचं नाव, शहराचं नाव सगळं गोष्टीत आहे. खुंटाचा उल्लेख नाही.

हा खुंट तयार कसा होतो? जंभेरीचं फळ खडबडीत सालीचं, आंबट, रसापेक्षा बियांचंच जास्त. खाणारा सहसा कुणी नाही. पण बी लगेच उगवतं, रोप झपाट्याने वाढतं, मूळ खोल जातं आणि उन्हाळ्याची ओढ सोसतं. बी मात्र ताजंच पेरावं लागतं, वाळलं की गेलं. तिच्यात आणखी एक गुण आहे. एका बीतून दोन-तीन रोपं निघतात आणि त्यातली बहुतेक हुबेहूब आईसारखी असतात, कारण ती परागातून नाही, आईच्याच पेशींतून तयार होतात. जे रोप वेगळं, खुरटं दिसतं ते परागाचं. चांगला पन्हेरीवाला ते उपटून टाकतो. पन्हेरी हा आमच्या वऱ्हाडातला शब्द. बाहेरचे रोपवाटिका म्हणतील. अमरावती जिल्ह्यात वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट तर पन्हेऱ्यांचंच गाव. तिथून कलमा ट्रकने दूरदूर जातात.

खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की हिवाळ्यात त्यावर डोळा भरतात. सालीला एक आडवा आणि एक उभा छेद द्यायचा, साल दोन्हीकडे हळूच उचलायची, संत्र्याच्या फांदीवरचा ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचा. डोळा उघडा ठेवायचा. तीनेक आठवड्यांनी तो हिरवा दिसला की धरला, काळा पडला की गेला. धरला की खुंटाचा वरचा शेंडा छाटतात. सरावलेला माणूस दिवसभरात शेकडो डोळे भरतो आणि मान वर करून पाहतही नाही.

बोराचं काम याहून साधं. जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात रानबोराचं बी थेट बांधावर लावतात. त्याचं सोटमूळ खोल जातं, उपटून दुसरीकडे नेलं तर तुटतं. मग जागेवरच डोळा भरायचा, उमराणचा नाहीतर शेजारच्या जळगावच्या मेहरुणचा. १९९० नंतर रोजगार हमी योजनेला फळबागा जोडल्या गेल्या तेव्हा आंबा, संत्रा यांच्याबरोबर बोरही सरकारी यादीत आलं. त्या काळात आमच्या आसपास बोर लावणाऱ्यांची लाटच होती. त्यातली आज किती उरली ते बांध फिरून पाहावं.

चाचांनी बाग लावली ती अडीच एकरांत, वीस बाय वीस फुटांवर, पावणेतीनशे कलमा. कुठल्या पन्हेरीतून आणल्या ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सहाव्या वर्षी फळ धरलं. दोन आंबिया बहार चांगले गेले, चाचींनी हज कमिटीचा फॉर्म कुठे मिळतो याची चौकशी सुरू केली. नवव्या वर्षी पावसाळ्यात बुंध्याच्या सालीतून डिंक ओघळू लागला. पानं पिवळी पडली, शेंडे वाळले. डिंक्या. जमिनीतल्या फायटोफ्थोरा बुरशीचा रोग. साल कुजते, मुळं कुजतात आणि झाड फळांनी लगडलेलं असतानाच मरतं. मरताना ते उलट जास्तच फुलतं, हे पाहवत नाही. दोन वर्षांत निम्मी बाग गेली.

कृषी विद्यापीठातून आलेल्या एका अधिकाऱ्याने बुंध्याजवळची माती हाताने बाजूला केली आणि जोड दाखवला. जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. आमच्या मातीच्या भरीत तो कधीच गाडला गेला होता. डोळा जमिनीपासून नऊ इंच तरी वर हवा, म्हणजे पाणी आणि माती संत्र्याच्या नाजूक सालीला लागत नाही. खाली डोळा भरला की काम लवकर होतं आणि कलम लवकर विकायला निघते. जंभेरीही या बुरशीपुढे फार टिकत नाही, म्हणून पाणी धरणाऱ्या भारी जमिनीत रंगपूर लाइमचा खुंट घ्या, असं नागपूरची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था सांगत आली आहे. ही संस्था १९८५ पासून आहे. चाचांपर्यंत ते पोचलं नव्हतं.

मी त्या कलमांची पावती शोधली. चाचा कागद टाकत नाहीत, सापडली. त्यावर लिहिलं होतं: 'संत्रा', मग नग, मग दर. खुंट कोणता, बी कुठल्या झाडाचं, डोळा किती उंचीवर, काहीच नाही. जहांगीर बादशाह आणि आमचा पन्हेरीवाला या बाबतीत एकाच पंथाचे.

रंगपूर लाइमची गोष्ट मला त्यानंतर कळली, आणि ती चाचांच्या बागेहून कितीतरी मोठी आहे. अरबांनी स्पेनला नेलेलं नारंज, म्हणजे कडू संत्रं, एकोणिसाव्या शतकात जगभर खुंट म्हणून पसरलं. कारण आमचाच डिंक्या. अझोरेस बेटांपासून भूमध्य सागराच्या काठापर्यंत बागा सडल्या, आणि नारंजाची मुळं मात्र टिकली. सगळ्यांनी तोच खुंट धरला. मग १९३० नंतर ब्राझीलमध्ये नवा रोग आला, मावा किड्याने पसरवलेला. नारंजाच्या खुंटावरची गोड संत्री लाखोंनी मेली. गंमत अशी, की नुसतं नारंजाचं झाड त्या रोगात जगत होतं आणि नुसतं गोड संत्र्याचंही. मरत होती ती जोडी. रोगाला तिथे पोर्तुगीज भाषेतलं नाव पडलं 'त्रिस्तेझा', म्हणजे उदासी. ब्राझीलच्या बागायतदारांनी बाग पुन्हा उभी केली ती प्रामुख्याने रंगपूर लाइमवर. हे रंगपूर म्हणजे आजच्या बांगलादेशातलं शहर, जुन्या बंगालचं. आज बाटलीत येणारा संत्र्याचा रस पितो त्यातला मोठा वाटा ब्राझीलचा, आणि त्याखाली कितीतरी वर्षं बंगालचं नाव घेतलेलं आंबट लिंबू उभं होतं. विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी रंगपूरच्या खुंटावरचीही झाडं तिथे अचानक मरायला लागली, एक नवाच रोग. म्हणून कुणी एकच खुंट कायमचा सांगत असेल तर मी आता ऐकून घेतो, मान डोलावत नाही.

स्टाफरूममध्ये हे सगळं सांगितलं तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याचे डोळे चमकले. म्हणाले, "सर, यावर छान भाषण होईल. वर एक, खाली एक, दोघं मिळून एक झाड. हीच आपली तहजीब!" माणूस भला आहे, मनातून बोलला. पण मला हे रूपक चालत नाही. खुंटाला कधी स्वतःचा फुटवा आला तर माळी तो दिसताच खुडतो. त्याने फक्त मुळं द्यायची, पान काढायचं नाही. असं झाड बागेत ठीक आहे. माणसांच्या सोबत राहण्याचं चित्र म्हणून ते कुणासमोर ठेवायला मी धजणार नाही. आणि या जोडीत खुंट म्हणजे कोण, हे प्रत्येक जण आपल्या सोयीने ठरवणार.

चाचांच्या बागेत एका ठिकाणी माळ्याचं लक्ष चुकलं होतं. वरचा संत्रा पूर्ण वाळला, आणि खालून, मुळातून, दोन फुटवे आले. कुणी खुडले नाहीत, कारण त्या कोपऱ्यात आता कुणी जातच नव्हतं. दोन वर्षांत त्याला फळं आली. खडबडीत सालीची, पिवळी, आंबट. चाची त्यांचं लोणचं घालतात. मागच्या रमजानमध्ये इफ्तारच्या सरबतात त्यातलीच दोन पिळली होती. चाचांनी ग्लास ठेवून विचारलं, हे लिंबू कुठलं. चाची म्हणाल्या, "आपल्याच संत्र्याचं."

यंदा त्या रिकाम्या जागेत चाचा नव्वद कलमा लावणार आहेत. या वेळी खुंट रंगपूरचा मागितला आहे. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करायचं, पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो मलम लावायचं, हे सगळं त्यांनी जुन्या डायरीत मराठीत लिहून ठेवलं आहे. रविवारी आम्ही दोघं पन्हेरीत जाणार आहोत. पावतीवर खुंटाचं नाव लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आहे. चाचांनी सांगितलंय, येताना शाळेतली फूटपट्टी घेऊन ये, एकेक कलम मोजूनच गाडीत ठेवायची.